तिसऱ्यांदा विचारल्यावर

कडं केशरी झालं होतं.

"आई, बघ ना, ही भूक माझी आहे का?" मिहिकाने डावं मनगट पुढे केलं.

शाल्मली ओट्यापाशी तुपात अंडं परतत होती. तिने गॅस बारीक केला, हात पदराला पुसले आणि वाकून पाहिलं. खरं तर वाकायची गरज नव्हती. केशरी रंग स्वयंपाकघराच्या दारातूनही दिसायचा.

"नाही गं पिल्लू. त्याची आहे."

"भाडेकरूची?"

"हो, भाडेकरूची."

मिहिकाने समजूतदारपणे मान डोलावली. "त्याला म्हणावं, थांब जरा," ती म्हणाली, आणि पोटाशी एक उशी घट्ट धरून रंगपेटी घेऊन बसली. अर्ध्या तासाने अंडं गार झालं. कडं केशरीच होतं. शाल्मलीने ताटली झाकून ठेवली.

भाडेकरू हे नाव मिहिकाच्या बाबाचं, तन्मयचं. सात वर्षांच्या मुलीला तिच्या डोक्यातल्या गाठीबद्दल काय सांगायचं, हा प्रश्न आला तेव्हा तो म्हणाला होता, "डोक्यात एक भाडेकरू शिरलाय. भाडं देत नाही, वर आपल्याच डब्यातलं खातो. त्याला बाहेर काढायचंय." मिहिका तेव्हा हसली होती. "पोलिसांना सांगू," म्हणाली होती.

मग शस्त्रक्रिया झाली. गाठीचा बराच भाग निघाला. उरलेला निघण्यासारखा नव्हता, कारण मेंदूच्या तळाशी जिथे भुकेचं केंद्र असतं, तिथेच तो खेटून बसला होता. त्याच शस्त्रक्रियेत डॉक्टरांनी तांदळाच्या दाण्याएवढा एक वेधक तिथे ठेवला आणि मनगटावर कडं आलं. या दोहोंना मिळून नाव होतं 'क्षुधावेध'. क्षुधा म्हणजे भूक. कोणाची भूक, ते ओळखणारं यंत्र.

नाशिकबाहेरच्या टेकडीवर निर्झर मेंदू केंद्र होतं. तिथल्या आहारविभागाच्या प्रमुख, डॉ. उज्ज्वला गावित, यांनी पहिल्याच भेटीत शाल्मलीला विचारलं होतं, "घरी गॅस संपला तर काय करता?"

"इंडक्शन लावते."

"आणि ज्याच्याकडे इंडक्शन नाही, तो?"

"तो बसेल उपाशी."

"झालं तर मग. मेंदूच्या पेशींचा गॅस म्हणजे साखर. भात, पोळी, फळं, साबुदाणा, सगळ्याची शेवटी साखरच होते. ती मिळेनाशी झाली की आपलं यकृत चरबीपासून दुसरं इंधन तयार करतं, त्याला केटोन म्हणतात. निरोगी पेशी त्यावर बऱ्यापैकी भागवतात. गाठीच्या पेशींना ते तितकंसं जमत नाही."

"म्हणजे तिला उपाशी मारायचं? गाठीला?"

डॉक्टर गावित हसल्या. "तसं मारता आलं असतं तर आमच्या सर्जननी सुरी कधीच खाली ठेवली असती. नाही हो. तिला अर्धपोटी ठेवायचं, दमवायचं. दमलेल्या गाठीवर किरणं आणि गोळ्या जास्त लागू पडाव्यात, एवढीच आशा. उपचार तेच. आहार फक्त त्यांच्या जोडीला. कोणी तुम्हाला सांगितलं ना, की नुसत्या तुपाने गाठ जाते, तर त्याला माझ्याकडे पाठवा."

शाल्मली वनस्पतिशास्त्राची पदवीधर. गोष्ट समजली की तिची भीती थोडी कमी व्हायची. तिने वही काढली होती आणि प्रश्न विचारत सुटली होती. डॉक्टरांनी तिला उत्तरं दिली होती, दोन वेळा चहा मागवून.

अडचण आहाराची नव्हती, ती मोडण्याची होती. जगभरच्या रुग्णांचा अनुभव तोच. पंधरा दिवस तूप-खोबऱ्यावर काढले की सोळाव्या दिवशी माणूस उठून साखरेच्या डब्यात हात घालतो. आधी वाटायचं, मनाचा कमकुवतपणा. मग कळलं, की भुकेच्या केंद्राजवळच्या गाठी स्वतः रसायनं सोडतात आणि त्या केंद्राला डिवचतात. गाठच मागते. तोंड माणसाचं असतं.

"वेधक भुकेचा एकूण आवाज मोजतो," डॉक्टर गावित म्हणाल्या होत्या. "त्यात तुमच्या मुलीचा किती आणि गाठीचा किती, हे त्याला आपण शिकवायचं. पंधरा दिवस. आम्ही त्याला जुळवणी म्हणतो. दिवसातून चार वेळा मुलीला विचारायचं, भूक लागलीय का, किती? ती सांगेल ती तिची. एकूणातून तिची वजा केली की उरते ती परकी. कड्याला एकदा ओळख पटली, की विचारायला नको. हिरवं झालं की द्यायचं, केशरी झालं की थांबायचं."

"एवढं साधं?"

"तत्त्व साधं आहे. आम्हाला आठ वर्षं लागली."

"आणि तिने चुकीचं सांगितलं तर?"

"मुलं भुकेबद्दल खोटं बोलत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "बाकी सगळ्याबद्दल बोलतात."

शाल्मलीलाही ते पटलं होतं. तिने ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं.

जुळवणीचे पंधरा दिवस छान गेले. एक लहानशी पिवळी खोली, भिंतीवर हत्ती. प्रणाली नावाची सिस्टर ताट घेऊन यायची, समोर पाच वाट्यांचं चित्र धरायची. पहिली वाटी रिकामी, शेवटची शिगोशीग भरलेली. "मिहू, किती भूक लागलीय? दाखव." शाल्मली शेजारच्या खुर्चीवर बसलेली असायची. मिहिका रिकाम्या वाटीवर बोट ठेवायची. फार तर दुसऱ्या.

"कित्ती गुणी आहे हो!" सिस्टर म्हणायची. "कालच्या त्या मुलाने माझ्या हातातून ताट ओढलं. हिचं काही मागणंच नाही."

आणि शाल्मलीला, त्या तसल्या दिवसांतही, बरं वाटायचं.

निकाल आला तेव्हा मात्र दोघांचे चेहरे उतरले. मिहिकाच्या भुकेचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग परका होता. गाठीचा. तन्मयने परतीच्या वाटेवर गाडी टेकडीखाली उतरवली. मग म्हणाला, "एवढं खातो हा साला?"

"मुलगी मागे बसलीय," शाल्मली म्हणाली.

"झोपलीय."

"नाही झोपले," मागून आवाज आला. "साला म्हणजे भाडेकरू ना?"

आता त्याला चार महिने झाले होते.

चार महिन्यांत शाल्मलीचं सगळं लक्ष एका मनगटावर आलं होतं. तन्मय पहाटे कारखान्याची बस पकडायचा आणि सातला परतायचा. मधला दिवस तिचा. बदामाच्या पिठाची भाकरी, पनीर, खोबरं, अळशी, सगळं काट्यावर तोलून तयार असायचं आणि कड्याची वाट बघायचं. कडं दिवसातून दोनदा, कधी तीनदा हिरवं व्हायचं. तेवढ्यात भरवायचं. घास अर्धा तोंडात असताना केशरी झालं तर थांबायचं. पहिल्या महिन्यात मिहिका यावर रडायची. "माझीच आहे गं आई, खरंच माझी आहे!" आणि शाल्मली पाठमोरी होऊन भांडी घासायला लागायची, स्वच्छ असलेली. भाडेकरू किती हुशार आहे, तिच्या आवाजात कसा बोलतो, असं स्वतःला सांगायची.

दुसऱ्या महिन्यापासून मिहिकाने रडणं सोडलं. ती मनगट पुढे करून विचारायला लागली. आणि मग फक्त भुकेचंच विचारेना.

"आई, मला रडू येतंय. ते माझं आहे का त्याचं?"

"तुझं गं सोनू. रडू तुझंच असतं."

"पण कड्यात कळतं का?"

"नाही, कड्यात फक्त भूक कळते."

"मग तुला कसं माहीत?"

एकदा खाली मुलं लगोरी खेळत होती. मिहिका खिडकीत उभी होती. "जा की थोडा वेळ," शाल्मली म्हणाली. मिहिकाने मान हलवली. "मला जावंसं वाटतंय. पण मी नाही ऐकत त्याचं," ती म्हणाली, जरा अभिमानाने.

तपासण्या चांगल्या येत होत्या, हे खरं होतं. गाठ आक्रसली होती. किरणांची पहिली फेरी झाली होती, दुसरी दिवाळीनंतर. फक्त एक अट होती, वजन अठरा किलोच्या खाली जाता कामा नये. तसल्या शरीराला किरणं झेपत नाहीत. शस्त्रक्रियेच्या वेळी मिहिका एकवीस किलोची होती. आज सकाळी काटा साडेसतरा दाखवत होता. शाल्मलीने तिला दोनदा उतरवून पुन्हा उभं केलं. मग फ्रॉकच्या खिशातले खडू काढून तिसऱ्यांदा.

खडू काढल्यावर काटा आणखी खाली आला.

त्याच आठवड्यात शाल्मलीची मंदामावशी देवगडहून आली. सत्तरी ओलांडलेली, ठणठणीत. बरोबर दोन नारळ, आमसुलं आणि "बाकी काही चालत नाही म्हणे, म्हणून आणलं नाही" अशी तक्रार. दुपारी तिने एक नारळ फोडला, खोबऱ्याच्या कातळ्या केल्या आणि ताटलीत घेऊन मिहिकासमोर बसली. खोबरं आहारात चालत होतं. कडं तेवढं केशरी होतं. शाल्मली धुतलेले कपडे घड्या घालत होती. मावशीला कड्याचं पुन्हा समजावण्याच्या आधीच मावशी सुरू झाली होती.

"घे गं बाय."

"नको, मावशीआजी."

"अगो घे, गोड आहे."

"नको, पोट भरलंय माझं."

"बरं, एवढा एकच तुकडा. म्हातारीसाठी."

मिहिकाने आईकडे पाहिलं. शाल्मलीचं लक्ष घडीकडे होतं. "थोडंसं," मिहिका म्हणाली, आणि सगळ्यात लहान कातळी उचलून तोंडात टाकली. तिचे डोळे आपोआप मिटले. चावण्याचा आवाज खोलीभर आला.

मावशी खदखदून हसली. "तिसऱ्यांदा घेतलंन हो! शाले, अगदी तुझ्यावर गेली. आठवतं ना, वेंगुर्ल्याच्या लग्नात?"

"काय गं?"

"तू पाच वर्षांची. पंगतीत जिलबी आली. आईने तुला पढवलेलं, लोकांकडे पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा आग्रह केला तर थोडंसं घ्यायचं. हावरट दिसायचं नाही. तू शहाण्यासारखी म्हणालीस नको. आणि वाढपी तो, त्याला शंभर पानं वाढायची. तो गेला पुढे! त्याने कशाला विचारायला हवं तीनतीनदा? तू असं काही भोकाड पसरलंस..."

शाल्मलीला ती जिलबी आठवली. तीही हसली. हसता हसता तिचे हात घडीवर थांबले.

वाढपी पुढे गेला.

प्रणाली सिस्टर एकदाच विचारायची. दिवसातून चार वेळा, पण प्रत्येक वेळी एकदाच. मग चित्र मिटायची, ताट उचलायची आणि शेजारच्या खोलीत जायची.

"मिहू," शाल्मली म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "इकडे ये. त्या केंद्रात, हत्तीच्या खोलीत, सिस्टर विचारायची ना, भूक लागलीय का म्हणून?"

"हो."

"तू रिकाम्या वाटीवर बोट ठेवायचीस."

"हो. दुसऱ्यांकडे नको म्हणायचं असतं ना."

"पण बाळा, तेव्हा भूक लागलेली असायची का तुला?"

मिहिका गोंधळली. प्रश्नात काहीतरी चूक असल्यासारखं तिने आईकडे पाहिलं. "पहिल्या दिवशी मी चीज घेतलं होतं. सिस्टरने विचारायच्या आधीच. तर तू डोळे केलेस."

मावशी म्हणाली, "डोळे केलेस म्हणजे?"

मिहिकाने करून दाखवलं. भुवया किंचित वर, नजर स्थिर, ओठ मिटलेले. त्या बारीक चेहऱ्यावर शाल्मलीला तिची आई दिसली, आणि आईची आई. शब्द न वापरता पोरांना चारचौघांत जागेवर बसवणारी ती जुनी नजर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टर गावितांसमोर होती. मिहिकाला मावशीपाशी ठेवलं होतं. शाल्मलीने सगळं सांगितलं, जिलबीसकट. सांगताना तिला वाटत होतं, डॉक्टर हसतील आणि म्हणतील, अहो, असं नसतं ते.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पडद्यावर चार महिन्यांपूर्वीच्या जुळवणीच्या रेघा उघडल्या. वर वेधकाने मोजलेली एकूण भूक, खाली मिहिकाने दाखवलेली वाटी. वरची रेघ जेवणाच्या वेळी नेमकी चढत होती आणि नंतर उतरत होती. सकाळी आठला, साडेबाराला, पाचला, रात्री आठला.

"गाठीला घड्याळ नसतं," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "हे मला दिसायला हवं होतं. ही शाळेत जाणाऱ्या मुलीची भूक आहे."

"मग यंत्र..."

"यंत्राने वजाबाकी बरोबर केली. एकूण चार, मुलगी म्हणते शून्य, म्हणजे चारही परकी. तिचा नकार म्हणजेच गाठीची खूण, असं ते शिकलं."

"आणि हिरवं कधी व्हायचं?"

डॉक्टरांनी रेघेवर बोट ठेवलं. मिहिकाने दुसरी वाटी दाखवलेल्या काही मोजक्या वेळा. "इथे काय झालं होतं?"

शाल्मलीला आठवत होतं. त्या वेळी तिने मान डोलावली होती. सांग, चालेल, म्हणून.

पडद्यावरचं बोट हळूहळू खाली आलं. मग डॉक्टर गावित म्हणाल्या, "आम्ही पाच भावंडं. आमच्या घरी नको म्हणणाऱ्याच्या वाट्याला खरंच काही यायचं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही हो, की पोटात आग पडलेली असताना एखादं मूल नको म्हणेल." त्यांनी दुसरी एक यादी उघडली. आजवर कडं बांधलेली एकशे चाळीस मुलं. त्या एकेक नाव खाली सरकवत होत्या. शाल्मलीला नावं वाचता येत नव्हती, पण प्रत्येक नावाशी थांबलेला डॉक्टरांचा श्वास कळत होता.

"मॅडम, गाठ आक्रसली ती..."

"किरणांनी असेल. गोळ्यांनी असेल."

"आणि उपाशी ठेवल्याने?"

"तेही असेल थोडं," डॉक्टर म्हणाल्या. "मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मला माहीत नाही. तिला पोटभर दिलं तर गाठ वाढणारच नाही, असं मी लिहून देऊ शकत नाही. पण एक नक्की माहीत आहे. अठराच्या खाली मी तिला दुसऱ्या फेरीला पाठवू शकत नाही. आणि फेरी चुकली, तर बाकी कशाचाच उपयोग नाही."

"मग कडं काढूनच टाकू. मी देते तिला पोटभर, तुमच्या आहाराचंच."

"द्या ना. आज घरी गेल्यावर द्या. खाईल ती?"

काल शाल्मलीने दिलं होतं. मावशी झोपल्यावर ताट वाढून मिहिकासमोर ठेवलं होतं, कड्यावर रुमाल बांधून. मिहिकाने रुमाल सोडून पाहिलं होतं. केशरी. तिने ताट मागे सारलं होतं आणि आईच्या गालाला हात लावून म्हणाली होती, "आई, तू फसलीस बघ. ही त्याची आहे."

"म्हणून पुन्हा जुळवणी करायची," डॉक्टर म्हणाल्या. "कडं खरं बोलायला लागलं, हिरवं व्हायला लागलं, की ती खाईल. तिचा त्याच्यावर विश्वास आहे. आणि या वेळी सिस्टर तीनदा विचारेल. तुम्ही काचेच्या बाहेर. तिच्याकडे पाठ करून. चालेल?"

चालणार नाही असं म्हणण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आठवड्याभराने तीच पिवळी खोली, तेच हत्ती. जुळवणीपुरतं कडं काढून ठेवलं होतं. मिहिकाच्या मनगटावर तेवढी जागा गोरी राहिली होती आणि तिचा उजवा हात सारखा तिथे जात होता. ती सकाळी सहापासून काही खाल्ल्याविना होती. आता साडेबारा वाजत आले होते. वेधकाची रेघ बाहेरच्या पडद्यावर चढलेली होती. डॉक्टर गावित पडद्यासमोर, तन्मय त्यांच्या मागे, हाताची घडी घालून. आज त्याने रजा घेतली होती. शाल्मली काचेकडे पाठ करून उभी होती. आतला आवाज भिंतीतल्या जाळीतून येत होता.

"मिहू," प्रणाली सिस्टर म्हणाली. "किती भूक लागलीय? दाखव."

"नाही लागली," मिहिका म्हणाली.

"खरं सांग हं. इथे सगळे आपलेच आहेत. लागलीय का?"

खुर्ची करकरली. शाल्मलीला पाठमोरीलाही दिसत होतं, की पोरगी आता मनगटाकडे बघतेय. तिथे काही नाही. मग दाराकडे. तिथेही काही नाही.

"नको," मिहिका म्हणाली.

"बरं, मी शेवटचं विचारते," सिस्टरचा आवाज मऊ झाला. "हे बघ, खोबरं आहे, चीज आहे. माझ्यासाठी सांग. लागलीय?"

जाळीतून एक लहान श्वास ऐकू आला.

"थोडीशी."

"आली!" तन्मय ओरडलाच. डॉक्टर गावितांनी टेबलावर हात आपटला. पडद्यावर खालची रेघ आज पहिल्यांदाच वर उचलली गेली होती. त्या वळल्या, त्यांचे डोळे भरलेले होते. "बघितलंत? तीनदा विचारायला हवं होतं फक्त. एवढंच हवं होतं."

शाल्मलीला हसायचं होतं. तिच्या कानात मात्र मावशीचा आवाज होता. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा थोडंसं. ही भूक नव्हती. तिला भूक लागली असेलही, पोटात आग पडली असेल, किंवा काहीच नसेल. मिहिकाने पोटाला विचारलंच नव्हतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर काय म्हणायचं असतं, ते तिने सांगितलं होतं. पंधरा दिवस, दिवसातून चार वेळा, ती हेच सांगणार होती, आणि यंत्र पुन्हा सगळं मन लावून शिकणार होतं. आणि दुसऱ्या कोणाला ते कधीच कळणार नव्हतं, कारण आता आकडे सुंदर येणार होते.

"मॅडम, थांबा," ती म्हणाली. "हे तसं नाहीये. तिला खरंच..."

बोलता बोलता ती वळली.

काच साधीच होती. आत मिहिकाने चीजचा तुकडा उचलला होता, तो ओठांपर्यंत आला होता. आई वळताच तिची नजर वर आली आणि आईच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. शाल्मलीने चेहरा सैल सोडायचा प्रयत्न केला. भुवया खाली घेतल्या. हसली. मान डोलावली, हो, खा, खा. पण पहिल्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते जाऊन पोहोचलं होतं.

मिहिकाने तुकडा ताटलीत ठेवला. अगदी होता तिथेच, कडेला, नीट.

"नको, ताई," जाळीतून आवाज आला. "पोट भरलंय माझं."

बाहेर खालची रेघ पुन्हा शून्यावर आली, आणि यंत्राने त्याचीही नोंद घेतली.